तुम्ही विचारलंत म्हणून: गुण चांगले असताना शाळेकडे मदत मागावी का?

माध्यमिक शाळेत समुपदेशक म्हणून काम करताना पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात. मुलगा आठवी-नववीत आहे, गणित-विज्ञानात वर्गात पुढे आहे. पण त्याला मित्र नाहीत, गोंगाट सोसत नाही, वेळापत्रक बदलले की तो बिथरतो. कोणीतरी ‘ॲस्पर्जरची लक्षणे असतील’, म्हणजे स्वमग्नतेचा (ऑटिझमचा) एक प्रकार असेल, असे सुचवले आहे, परंतु निदान झालेले नाही. अशा वेळी शाळेकडे मदत मागता येते का, आणि गुण उत्तम असताना ती मागावी का?

मागता येते, आणि निदानासाठी थांबू नये. परीक्षा मंडळाची सवलत आणि शाळेतली रोजची मदत यांची पालक अनेकदा गल्लत करतात. मंडळाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटे याप्रमाणे वाढीव वेळ हवा असेल, तर प्रमाणपत्र लागतेच. मात्र वर्गात भिंतीलगतची जागा, गटप्रकल्पात स्पष्टपणे नेमून दिलेले काम, मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसण्याची मुभा, एवढ्यासाठी मुख्याध्यापकांची संमती पुरेशी असते आणि शाळेला त्यासाठी खर्चही येत नाही.

खरी अडचण गुणांचीच आहे, कारण चांगल्या गुणांच्या आड या मुलांचा त्रास कोणाला दिसत नाही, आणि जे दिसते त्याला स्वभावदोष म्हटले जाते. नववीच्या एका तासाला शिक्षक वैतागून म्हणाले, ‘कंटाळा आला असेल तर खुशाल घरी जा’. तो विद्यार्थी दप्तर भरून खरोखरच निघाला आणि उद्धटपणाची नोंद घेऊन घरी पोहोचला. त्याने परवानगी मिळाली असे समजून ती वापरली होती. फळ्यावरची चूक भर वर्गात दाखवणारा, विज्ञानात नव्वदच्या पुढे असूनही मराठीच्या पेपरात कल्पनाविस्तार कोरा सोडणारा मुलगा ‘हुशार आहे, पण आळशी आणि आगाऊ’ ठरतो. शाळेत दिवसभर स्वतःला आवरून धरण्याचा शीण मग संध्याकाळी घरी बाहेर पडतो, आणि शिक्षकांना तो कधीच दिसत नाही. म्हणून पालकांनी तो सांगावा लागतो.

सांगताना विशेषणे टाळावीत. ‘त्याला जरा समजून घ्या’ ही विनंती साठ मुलांच्या वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाच्या काहीच कामाची नाही. कोणत्या तासाला, कशामुळे, काय घडले याच्या तारीखवार नोंदी आणि तीन-चार नेमक्या मागण्या एका पानात लिहाव्यात. आधी वर्गशिक्षकांशी बोलावे, मग मुख्याध्यापकांना अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी आश्वासन वर्गशिक्षक बदलले की संपते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि समावेशक शिक्षण व परीक्षापद्धतीतील बदल यांच्या तरतुदी त्याच्या १६ व १७ या कलमांत आहेत. ही कलमे माहीत असावीत, पण पहिल्याच भेटीत ती पुढे करू नयेत, असे माझे मत आहे. बचावाच्या पवित्र्यात गेलेली शाळा कागदोपत्री सारे काही देते आणि वर्गात काहीच बदलत नाही.

दरम्यान विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडून मूल्यांकन सुरू करावे. अहवालात ‘ॲस्पर्जर’ हा शब्द बहुधा दिसणार नाही, कारण २०१३ पासून मानसिक विकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही त्याचा समावेश स्वमग्नतेच्या व्यापक निदानात झाला आहे. आपल्याकडे प्रमाणपत्रासाठी वापरल्या जाणाऱ्या भारतीय मापनश्रेणीत ४० बाबी असून प्रत्येकीला १ ते ५ गुण असतात, आणि बेरीज ७० च्या खाली आली तर स्वमग्नता धरली जात नाही. अस्खलित बोलणारा, अभ्यासात पुढे असलेला किशोर या रेषेच्या आसपास किंवा खालीही राहू शकतो. तसे झाले तर प्रमाणपत्र मिळत नाही, पण त्याची अडचण खोटी ठरत नाही. म्हणून मुलाला शाळेत नेमके काय जड जाते आणि कोणती सोय उपयोगी पडेल, हे अहवालात लिहून देण्याची विनंती तज्ज्ञांना अवश्य करावी. मंडळाच्या सवलतीचा विचार असेल तर ही प्रक्रिया नववीतच हाती घ्यावी, कारण दहावीत अर्ज भरण्याची वेळ येते तेव्हा तपासण्या आणि प्रस्ताव यांना पुरेसा अवधी उरत नाही.

एक गोष्ट पालकांकडून हटकून राहते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला या बैठकीत बसवावे, आणि वर्गमित्रांना काय सांगायचे, सांगायचे की नाही, हे त्याच्या संमतीनेच ठरवावे. एका बैठकीत आम्ही मोठी माणसे शांत खोली, वाढीव वेळ, समुपदेशनाचे तास यांवर बोलत होतो, आणि त्या मुलाची मागणी एवढीच होती की शिक्षक रजेवर असतील तर बदली तासाला कोण येणार, हे त्याला सकाळी परिपाठाच्या वेळी कळावे. त्याच आठवड्यापासून ती नोंद वर्गाच्या फलकावर लिहिली जाऊ लागली.