फायनलच्या दिवशीच का?

फ्रेड्रिक बॅकमनची ‘बेअरटाउन’ वाचून झाली, पण दुसरं पुस्तक हाती धरवत नाही. स्वीडनच्या जंगलातलं एक लहानसं गाव, आइस हॉकीशिवाय ज्याला दुसरं काही सुचत नाही. मूळ कादंबरी २०१६ साली स्वीडिशमध्ये आली, मी इंग्रजीतून वाचली. बर्फ मी सिनेमातच पाहिलाय. तरी त्या गावातला एकही माणूस मला परका वाटला नाही.

मी दर्यापूर तालुक्यातली. आमचं गाव कबड्डीचं. हा खारपाण पट्टा, विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही, त्यामुळे एक हंगाम निघाला की पोरांच्या हाताला काम नसते. मग सगळे मैदानावर. हिवाळ्यात सामने लागले की हॅलोजनच्या उजेडात मध्यरात्र उलटेपर्यंत चढाया चालतात, बाया घराच्या धाब्यावर बसून पाहतात. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, देवळाच्या पायऱ्या त्या चढत नाहीत, पण सामन्याच्या रात्री शिडी चढतात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू १९३६ साली बर्लिनला जाऊन कबड्डी दाखवून आले, हे इथल्या म्हाताऱ्यांना नातवंडांच्या नावांसारखं पाठ आहे. एखाद्यानं एका चढाईत तीन गडी मारले की कोणीतरी म्हणतंच, “हे पोट्टं पोलिसात लागते पाय यंदा.” सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि कितीतरी घरांची आशा तेवढ्यावर टिकून आहे.

बेअरटाउनमध्येही हेच. कारखान्यातली माणसं कमी होतायत. ज्युनियर संघ जिंकला तर हॉकीची अकादमी येईल, मागोमाग रोजगार येईल, असं सगळ्यांना वाटतं. सतरा वर्षांच्या पोरांच्या अंगावर अख्खं गाव बसलंय.

त्यातला हिरा केविन. सेमीफायनल जिंकल्याच्या रात्री त्याच्या घरी पार्टी होते आणि तिथे तो मायावर बलात्कार करतो. माया पंधरा वर्षांची, क्लबच्या मॅनेजरची, पीटरची मुलगी. ती काही दिवस कोणाला काही सांगत नाही. मग सांगते, आणि पोलीस केविनला फायनलला निघालेल्या बसमधून उतरवून नेतात. संघ हरतो.

यानंतर गाव जे विचारतं ते वाचताना माझा हात थरथरला. इतके दिवस गप्प का होती? फायनलच्या दिवशीच कसं तोंड उघडलं?

२०२३ च्या जानेवारीत विनेश फोगट, साक्षी मलिक या कुस्तीपटू कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या होत्या, तेव्हा हाच प्रश्न मी आमच्या बैठकीत टीव्हीसमोर ऐकलाय. “इतके दिवस कायले चूप होत्या वं ह्या?” विचारणारी माणसं वाईट नव्हती. त्यातल्या दोघांनी आपल्या पोरींना शाळेच्या कबड्डी संघात खेळू द्यावं म्हणून घरात भांडणं केली होती. बॅकमननं हे फार नेमकं पकडलंय. मायाला नावं ठेवणारे लोक दुष्ट नाहीत. त्यांच्याकडे दुसरं काहीच उरलेलं नाही आणि जे होतं ते एका पोरीनं हिरावलं असं त्यांना वाटतं. आपण बोललो तर कोणाकोणाचं काय जाईल, याचा हिशेब त्या पोरीनं आधीच केलेला असतो. गप्प राहण्याचे दिवस त्या हिशेबाचे असतात. पंधराव्या वर्षी तिच्यावर ही वेळ कोणी आणली, हे विचारायला त्या गावात फार थोडे लोक तयार होतात.

त्यातला एक आमात. त्याची आई, फातिमा, रिंकची साफसफाई करते. खेळाच्या जोरावर तो नुकताच ज्युनियर संघात आलाय, पहिल्यांदाच गाव त्याला नावानं ओळखतंय. त्या रात्री दारातून त्यानं सगळं पाहिलेलं असतं. केविनचा बाप त्याच्या आईला चांगल्या नोकरीचं आमिष दाखवतो. गरीब घरच्या पोरासाठी याहून मोठी लाच नसते. तरी क्लबच्या सभेत तो उभा राहतो आणि सगळ्यांसमोर सांगतो. हा प्रसंग मी सासूबाईंना मराठीत सांगितला तर त्यांनी पहिलं हेच विचारलं, “मंग त्याच्या मायचं काय झालं?” त्यांच्या काळजीत मला फातिमा अधिक कळली.

एक गोष्ट खटकली. लेखक दर दोन-तीन पानांनी सुविचारासारखं वाक्य टाकतो. पुढे काहीतरी भयंकर घडणार, हेही पुन्हा पुन्हा बजावतो. इतकी गरज नव्हती. किरा, मायाची आई, रागानं आणि भीतीनं जे जे करते तेवढंच पुरेसं होतं.

पुढचे दोन भाग मागवायचे आहेत. त्याआधी, यंदाचे सामने लागण्यापूर्वी, आमच्या संघातल्या पोरांना सरावानंतर मैदानावर बसवून ही गोष्ट सांगायचं ठरवलंय. कोच हो म्हणाले आहेत. मुलींच्या संघालाही सोबत बसवणार आहे, आणि सुरुवात आमातपासून करणार आहे, कारण केविनपासून केली तर पोरं त्याच्या गोलांमध्येच अडकतील.