चौदा इंजेक्शने

पुण्यातील माझ्या पशुदवाखान्यात त्या सकाळी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ सुनेसह आले, तेव्हा 12 वर्षांच्या राणीला त्यांनी उराशी धरले होते आणि सून मात्र तपासणीच्या टेबलापासून दूर, दाराला टेकून उभी होती. पांढरी पामेरियन राणी ही अण्णांच्या दिवंगत पत्नीने वाढवलेली. तिच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, 6.2 आले होते. कुत्र्याच्या मूत्रपिंडांचे सुमारे तीन चतुर्थांश काम थांबेपर्यंत हा आकडा सहसा वाढतच नाही, त्यामुळे तो वाढलेला दिसतो तोवर बराच उशीर झालेला असतो. हे मी सांगितले आणि अण्णांचा सारा संताप सुनेवर गेला.

“हिला विचारा डॉक्टर, तीन वर्षांत एकदा तरी राणीच्या अंगावरून हात फिरवलाय का? माझ्या बायकोचं काहीच हिला नकोय.”

त्या क्षणी मलाही अण्णांचेच खरे वाटले. जनावराला जवळ घेणारा तो मायाळू आणि मागे सरणारा तो कोरडा, असा निवाडा आम्ही पशुवैद्य फार लवकर करतो, आणि तो अनेकदा अन्यायाचा असतो.

राणीला रोज घरी कातडीखाली सलाइन देणे गरजेचे होते. अण्णांचे हात कापत होते आणि मुलगा नोकरीनिमित्त परगावी होता. मी सुनेकडे पाहिले. बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, “आठ वर्षांची असताना मला गावात कुत्रा चावला होता. पोटात चौदा इंजेक्शनं घेतली. शेवटी शेवटी मला दोघंजण धरून ठेवायचे. मला राणीचा राग नाही, अण्णा. भीती वाटते. सांगायची लाज वाटायची.”

मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस आपल्याकडे केव्हाच बंद झाली. आता रेबीजची लस दंडात देतात. पण त्या पिढीतील कितीतरी माणसांच्या पोटात ती भीती अजून आहे, आणि ती त्यांच्या घरच्यांनाही ठाऊक नसते.

मी तिला पद्धत दाखवली. मानेमागची कातडी चिमटीत उचलली की तिचा छोटा तंबू होतो. त्याच्या पायथ्याशी सुई शिरवायची. दोनदा तिने हात मागे घेतला. तिसऱ्या वेळी अण्णा काही न बोलता पुढे झाले आणि राणीचे तोंड सुनेकडे वळू नये म्हणून त्यांनी ते आपल्या दोन्ही थरथरत्या तळव्यांत धरून ठेवले. सुई आत गेली. सलाइन उतरू लागले तसा राणीच्या खांद्यावर मऊ फुगवटा आला.

“घरी ही बाटली किती उंचीवर टांगायची, डॉक्टर?” तिने विचारले.

मी उत्तर देण्याआधीच अण्णा तिला म्हणाले, “पडद्याच्या दांडीला बांधून देतो मी. तू फक्त सुईकडे बघ.”