नववे प्रकरण मोडले, छपराने सावरले

मागच्या नोंदीत माझ्या रहस्यकादंबरीचे नववे प्रकरण बसल्याचे मी मोठ्या तोऱ्यात लिहिले होते. ते विधान मागे घेतो. १७५४ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या किंग्ज बाथ या गरम पाण्याच्या कुंडातून बाहेर पडलेले आमचे बॅरोनेट (उमराव) महाशय फ्लॅनेलमध्ये गुंडाळून सेडान खुर्चीत, म्हणजे दोन वाहक दांड्यांवर उचलून नेत त्या पेटीसारख्या बंद खुर्चीत, बसतात, खुर्ची वाटेत कुठेही थांबत नाही, आणि क्वीन स्क्वेअरमधल्या बिऱ्हाडी पोहोचते ते त्यांचे प्रेत. गर्दीच्या बोळात दार किलकिले करून मारेकरी सुरा चालवतो, असा माझा उलगडा होता. तो रविवारी फ्रिजच्या खोक्याने निकालात काढला.

खोक्याच्या दोन्ही बाजूंना बांबू ओवून भाच्याला आत बसवले. पुढे मेहुणा, मागे मी. या खुर्चीचे दार समोर असते आणि पुढचा वाहक दोन्ही दांड्यांच्या मधोमध, दाराकडे पाठ करून चालतो, हे चित्रांत शंभरदा पाहूनही डोक्यात शिरले नव्हते. भाच्याने दार ढकलताच ते चार बोटे उघडून मेहुण्याच्या पाठीवर आपटले. माझे बांबू आखूड होते हे मान्य. पण दांडे कितीही लांब धरले, तरी चालत्या खुर्चीच्या पुढे शिरून दार उघडणारा माणूस वाहकांच्या नकळत काम उरकूच शकत नाही. बाजूच्या खिडकीतून वार करावा, तर आतला माणूस धडपडला की दोघांच्याही हातांना हिसका बसतो. विषाचा मार्ग आपण आधीच सोडला आहे: १७५२ मध्ये बापाला विष घातल्याबद्दल मेरी ब्लँडीवर चाललेल्या खटल्यात डॉ. अ‍ॅडिंग्टन यांनी पांढरी पूड तापलेल्या लोखंडावर टाकून लसणासारख्या वासावरून आर्सेनिक ओळखल्याची साक्ष दिली होती. त्यामुळे दोनच वर्षांनंतरचा माझा डॉक्टर अगदीच अडाणी दाखवता येत नाही, आणि आर्सेनिक ओळखण्याची भरवशाची मार्श चाचणी तर १८३६ ची.

चार दिवस असेच गेले, आणि मग छपराकडे लक्ष गेले. या खुर्चीचे छप्पर पेटीच्या झाकणासारखे मागे उघडते. भाड्यावरून वाद झाला की बाथचे वाहक गिऱ्हाइकाला आत कोंडून भर पावसात छप्पर उघडे टाकत, आणि ही दांडगाई बाथच्या समारंभांचा सर्वेसर्वा बो नॅश याने मोडून काढली, हे माझ्या टिपणांत दोन वर्षांपासून निव्वळ रंगतीसाठी पडून होते. १७५४ मध्ये नॅश ऐंशीला टेकलेला, त्याचा दरारा ओसरलेला. जुनी खोड परत आली तर नवल नाही. म्हणजे खुर्ची थांबली होती! वाहक तिला पावसात ठेवून आडोशाला गेले, तेवढ्यात मारेकऱ्याने वरून काम साधले, आणि परवाना जाईल या धास्तीने दोघांनीही कॉरोनरसमोर (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर) ‘वाटेत कुठे थांबलो नाही’ अशी शपथ घेतली. माझी ‘बंद खोली’, म्हणजे कुणी आत शिरणे अशक्य वाटणारी खुनाची जागा, कुलपाने बंद झालेली नाही, ती खोट्या साक्षीने बंद झाली आहे. सुऱ्याच्या उलगड्यापेक्षा हे मला कितीतरी सरस वाटते.

हे लिहिता लिहिताच दुवाही सापडला. कुंडातून आलेला माणूस ओला असणारच, त्यामुळे भिजलेल्या फ्लॅनेलवरून काहीच सिद्ध होत नाही. पण छपराच्या आतल्या अस्तरावर पावसाचे डाग पडले असतील, तर ते बसलेल्या माणसाच्या अंगचे पाणी नव्हे. हे डॉक्टरच्या लक्षात येणार नाही, खुर्ची पुसणाऱ्या दासीच्या येईल. तेव्हा तपासाची सूत्रे डॉक्टरकडून काढून तिच्याकडे द्यावीत असे आता वाटते, म्हणजे तिसऱ्या प्रकरणापासून फेरलेखन आले.

‘सेडान’ वाचून एका बीटा वाचकाने (कच्चा मसुदा वाचून देणाऱ्याने) मोटारगाडीबद्दल विचारले, म्हणून ‘मेणा’ आणि ‘भोई’ वापरून पाहिले. भोई शोभतात, पण मेण्यात माणूस आडवा होतो आणि माझ्या प्रेताने ताठ बसणे आवश्यक आहे. जुन्या बाथच्या नकाशाची प्रत ज्या विक्रेत्याकडून मागवली त्याने ती घडी घालून पाठवली, आणि घडी नेमकी क्वीन स्क्वेअरवर पडली आहे. नकाशा गुंडाळीतच मागवावा. कथेतल्या घटनांच्या मिनिटवार तक्त्यासाठी एक्सेलच बरे; कादंबरीलेखनाची खास सॉफ्टवेअर मला तरी कामापेक्षा सजावटीची वाटतात.

उद्या खोक्याच्या झाकणाला आतून जुन्या चादरीचे अस्तर लावून झारीने पाणी सोडून पाहणार आहे. भाच्याने आत बसायला नकार दिला आहे.