तुम्ही विचारलंत म्हणून: सत्तरीत मसल वाढतो का?

मी सांगलीत एका जिममध्ये ट्रेनर आहे आणि मुलाची फी भरायला आलेली माणसं जाता जाता हमखास विचारतात, "मॅडम, आमच्या आईला आणलं तर चालेल का? पण या वयात तिचा मसल काय वाढणार म्हणा." परवा परत एकांनी विचारलं. काउंटरवर उभ्या उभ्या नीट सांगणं होत नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

वाढतो. नक्की वाढतो. फक्त तरुण पोराचा वाढतो तितक्या सहज नाही, एवढाच फरक.

माझा भाचा १९ वर्षांचा आहे, रात्री दोनपर्यंत जागतो, खाण्याचा काही ताळमेळ नाही, तरी तीन महिन्यांत त्याचे दंड टीशर्टमध्ये दिसायला लागले. वजन पेललं की स्नायूच्या तंतूंवर ताण येतो, त्या ताणाने पेशीत नवीन प्रोटीन बांधायचं काम सुरू होतं, आणि जेवणातून प्रोटीन पोचलं की ते काम अजून जोर धरतं. म्हाताऱ्या माणसात पण हेच होतं, पण तेवढ्याच व्यायामाला आणि तेवढ्याच जेवणाला स्नायू कमी दाद देतो. याला अ‍ॅनाबॉलिक रेझिस्टन्स म्हणतात. म्हणजे तरुणाला एका जेवणात वजनाच्या किलोमागे पाव ग्रॅमच्या आसपास प्रोटीन पुरतं, तिथे सत्तरीतल्या माणसाला ०.४ ग्रॅम लागतं, ६० किलोच्या बाईला एका वेळेला २४ ग्रॅम झाले. आणि आपल्याकडे वय झालं की उलटंच करतात, रात्री नुसता मऊ भात नाहीतर दूधपोळी, "हलकं बरं असतं" म्हणून. त्यात २४ ग्रॅम कुठून येणार?

माझ्या आईचंच सांगते. ती ७२ ची, मागच्या पावसाळ्यात तापाने दहा दिवस अंथरुणाला खिळली आणि ताप गेल्यावर तिला खुर्चीतून उठता येईना. दोन्ही हात मांड्यांवर दाबायची, बांगड्या वाजायच्या, अर्धी उठायची आणि परत बसायची. घरातले म्हणाले अशक्तपणा आहे, जाईल. पण अमेरिकेत धडधाकट म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम दहा दिवस झोपवून ठेवून बघितलंय, २००७ साली ते छापून आलं, त्यांच्या पायातलं जवळपास एक किलो मांस उतरलं होतं. दहा दिवसांत! ते पडून राहून कसं परत येणार, त्याला कामच द्यावं लागतं.

मग सुरू केलं. खुर्चीवर दोन उशा ठेवल्या, म्हणजे उंची वाढते आणि उठणं सोपं जातं. हात छातीशी, सावकाश खाली, मग वर, श्वास रोखायचा नाही कारण तिला बीपी आहे (डॉक्टरांना विचारूनच केलं, तुम्ही पण विचारा). आठ वेळा, मग आराम, असं तीनदा, एक दिवसाआड. सोपं वाटलं की एक उशी काढायची. दोन्ही निघाल्यावर हातात पाण्याची बाटली दिली, मग सॅकमध्ये तांदूळ भरून पुढून गळ्यात अडकवली. हे वाढवत नेणंच खरं महत्त्वाचं आहे, वर्षभर तेच अर्ध्या किलोचं डंबेल हलवून काही होत नाही. वयाबरोबर जास्त बारीक होतात ते चपळ तंतू, ठेच लागल्यावर पाय पटकन पुढे टाकून तोल सावरणारे, आणि जोर लावावा लागला तरच ते कामाला लागतात.

लोकांना पटत नाही म्हणून १९९० चं बॉस्टनचं उदाहरण मी नेहमी देते. डॉक्टर मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांना मांड्यांचा चांगला जड व्यायाम दिला. नऊ जणांनी आठ आठवडे पूर्ण केले, मांडीचा स्नायू सरासरी ९ टक्के वाढला आणि ताकद १७४ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. सुरुवातीची बरीचशी ताकद मसल वाढून येत नाही, मेंदू आणि नसा असलेला मसल नीट वापरायला शिकतात म्हणून येते. त्यामुळे आरशात काही दिसलं नाही म्हणून पहिल्या महिन्यात सोडू नका. १९९४ साली त्यांनीच १०० जणांवर परत करून बघितलं, तेव्हा व्यायामाशिवाय नुसतं सप्लिमेंट दिलेल्यांना काही फायदा झाला नाही. म्हणून आधी प्रोटीनचा डबा आणू नका. आई तर रात्री घट्ट वरण, दोन अंडी आणि वाटीभर दही खाते, तिला तेवढ्याने भागतं.

चार महिन्यांनी टेप लावली तर तिच्या मांडीचा घेर एकच सेंटीमीटर वाढला होता. पण परवा ती जमिनीवर बसून मेथी निवडत होती, मी हात द्यायला पुढे झाले तर म्हणाली, "अगं सर, उठते मी," आणि एक हात टेकवून उठली.

तर ज्यांनी विचारलं त्यांना, आईला घेऊन या. सोमवारी सकाळी अकराला गर्दी नसते, हात असलेली खुर्ची आणि दोन उशा काढून ठेवते.