फिट घराण्यातनं येते का? तुम्ही विचारलंत म्हणून

गावी आले की हा प्रश्न ठरलेलाच. खानापूरला एखाद्या लग्नात, नाहीतर शहापूरला मावशीकडे, कधी निपाणीहून कुणाचा तरी फोन, "तू मेंदूवरच काम करायलीस न्हवं, मग सांग की, ही फिट घराण्यातनं येती काय?" विचारणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा खाली आलेला असतो, कारण घरात कुणाचं तरी लग्न जमवायचं असतं किंवा सुनेला कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं. उभ्या उभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहिते.

आधी सरळ उत्तर. तुम्ही समजता तशी बहुतेक घरांत ती येत नाही. आईला किंवा वडिलांना फिटचा आजार (अपस्मार, एपिलेप्सी) असला तरी शंभरातल्या साधारण 95 मुलांना तो होत नाही. आणि आपल्याकडच्या कितीतरी फिट्सचा जीनशी, म्हणजे शरीर कसं बांधायचं ते पेशीत लिहिलेल्या सूचनांशी, थेट संबंधच नसतो, जन्माच्या वेळी बाळ गुदमरलेलं असतं, गाडीवरनं पडून डोक्याला मार लागलेला असतो, मेंदूज्वर होऊन गेलेला असतो, नाहीतर टेपवर्मची अंडी न धुतलेल्या भाजीतनं किंवा पाण्यातनं पोटात जाऊन मेंदूत गाठ झालेली असते. हे शेवटचं तर शुद्ध शाकाहारी माणसालाही होतं.

मग मी बेंगळुरूला बसून जीनवर कशाला काम करते? कारण काही फिट्स खरंच तिथनंच सुरू होतात, आणि लहान मुलांच्या पुष्कळशा अवघड फिट्स त्यात असतात.

मेंदूतली पेशी दुसऱ्या पेशीला निरोप देते तो विजेच्या झटक्यानं. ही वीज म्हणजे सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे कण पेशीच्या आतबाहेर करतात ती. त्यांना जायला पेशीच्या पापुद्र्यात प्रोटीनची बारीक छिद्रं असतात, मिलिसेकंदात उघडतात आणि मिटतात, त्यांना आयन चॅनेल म्हणतात. प्रत्येक चॅनेल कसं बांधायचं ते एकेका जीनमध्ये लिहिलेलं असतं, आणि त्यात एक अक्षर जरी बदललं तरी छिद्र उशिरा मिटतं, किंवा उघडतच नाही, किंवा पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही.

हे मोजायचं कसं, तर पॅच क्लॅम्प. नेहेर आणि साकमान या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी 1976 मध्ये दाखवलेली पद्धत, 1991 चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. काचेची नळी तापवून ओढायची, टोक एखाद-दोन मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) राहतं, मायक्रोस्कोपखाली बघत बघत ते पेशीला टेकवायचं आणि नळीला जोडलेल्या ट्यूबमधनं तोंडानं अगदी हलकं ओढायचं. पापुद्रा काचेला घट्ट चिकटला की स्क्रीनवरची थरथरणारी रेघ एकदम सपाट होते, आणि मग एखादं चॅनेल उघडलं की तिच्यावर छोटी चौकोनी पायरी उमटते, काही पिकोअँपिअरची, म्हणजे एका अँपिअरच्या लाखकोटीव्या भागाच्या हिशोबातली. इतकी वर्षं झाली तरी ती पायरी दिसली की मला आनंद होतो. पेशंटच्या जीनमधला बदल आम्ही मूत्रपिंडापासून बनवलेल्या पेशींत घालतो, कारण त्यांची स्वतःची चॅनेल्स फार कमी असतात आणि आपण घातलेल्याचंच वागणं स्वच्छ दिसतं. जीन टेस्टच्या रिपोर्टवर पुष्कळदा लिहिलेलं असतं की बदल सापडला पण त्याचा अर्थ अनिश्चित आहे, आणि आईवडील तो कागद घेऊन वर्षानुवर्षं फिरत असतात. जगातली जीनची माहिती जास्त करून युरोपी वंशाच्या लोकांची असल्यामुळे आपल्याकडच्या बदलांच्या बाबतीत हे आणखीच होतं, आता जीनोम इंडिया या प्रकल्पात 10 हजार भारतीयांचे जीनोम, म्हणजे माणसाच्या सगळ्या जीनचा पूर्ण मजकूर, आलेत, त्यानं थोडा फरक पडेल. तो बदल निरुपद्रवी की घातक हे अशी पायरी मोजून बऱ्यापैकी सांगता येतं.

आता घराण्याकडे येते. एससीएन1ए नावाचा एक जीन आहे, सोडियम चॅनेलचा. तो बिघडला की ड्रावे सिंड्रोम होऊ शकतो, डॉ. शार्लोट ड्रावे यांनी 1978 मध्ये वर्णन केलेला, वर्षाच्या आतल्या बाळाला ताप आला की लांबलचक फिट, मग पुन्हा पुन्हा, मग चालणं-बोलणं मागं पडतं. (तापात फिट आली म्हणून लगेच घाबरू नका, तापातल्या साध्या फिट्स पुष्कळ मुलांना येतात आणि पाच-सहा वर्षांची होईपर्यंत जातात.) 2001 मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी हा जीन शोधला तेव्हा तपासलेल्या मुलांत बदल होता आणि त्यांच्या आईवडिलांत नव्हता. म्हणजे तो नव्यानंच झालेला, ना आईकडचा ना वडिलांकडचा. ड्रावेच्या बहुतेक मुलांत असंच असतं.

चिकोडीकडची एक आई फाइल घेऊन भेटली होती. बाळाला लस दिल्यावर ताप आला आणि पहिली फिट तेव्हाच, मग सासरी एकीकडे "लस दिली म्हणून झालं" आणि दुसरीकडे "तुझ्या माहेरात कुणाला तरी असणार बघ". दोन्ही खोटं. तिच्या बाळाचा बदल नवाच होता, रिपोर्टमध्ये स्वच्छ लिहिलेलं. लसीचं म्हणाल तर 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात लसीनं मेंदू बिघडला म्हणून सांगितलेले 14 पेशंट तपासले, त्यातल्या 11 जणांत हाच जीन बदललेला सापडला. लसीनं आलेल्या तापात पहिली फिट दिसली इतकंच, आजार जन्मापासूनच होता. मी तिच्या सासूबाईंना समोर बसवून सांगितलं, "आजी, यात सुनेचा काही दोष नाही." हे वाक्य डॉक्टरांनी प्रत्येक घरात मोठ्यानं म्हणायला पाहिजे असं मला फार वाटतं. दुसऱ्या मुलाच्या वेळी मात्र जेनेटिक काउन्सेलरला (घराण्यातल्या आजारांचा धोका समजावून सांगणाऱ्याला) विचारावं, धोका कमी असला तरी अगदी शून्य नसतो.

जीन कळून उपयोग काय, हाही प्रश्न येतो. उपयोग औषधाला. एससीएन1एचं चॅनेल मुख्यतः इतर पेशींना शांत ठेवणाऱ्या पेशींत लागतं, सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत गर्दी आवरणारे स्वयंसेवकच दमून बसले तर जे होईल तेच मेंदूत होतं. मग सोडियम चॅनेल बंद करणारी नेहमीची औषधं, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, ही या मुलांना दिली की आवरणाऱ्या पेशी आणखी दमतात आणि फिट्स वाढतात. तीच औषधं एससीएन8ए या दुसऱ्या सोडियम चॅनेलचा जीन बिघडलेल्या बऱ्याच मुलांना चांगली लागू पडतात, कारण तिथं चॅनेल जास्त काम करत असतं. पण हे वाचून कुणी चालू गोळी स्वतःहून बंद करू नका, अचानक बंद केली तर जिवावर बेतू शकतं.

घराण्यातनं येणारे प्रकारही आहेत, ते लपवत नाही. नवजात बाळाला पहिल्या आठवड्यात फिट्स येतात आणि काही महिन्यांत जातात असा एक आहे, तो पिढ्यान्‌पिढ्या दिसतो, 1998 मध्ये त्याचे पोटॅशियम चॅनेलचे दोन जीन सापडले. आणि एक आपल्या राज्यातला. डोक्यावरनं कडत पाणी घेताना येणारी फिट. दक्षिण कर्नाटकात ती इतकी दिसते की निम्हान्सनं (बेंगळुरूची मेंदू आणि मनाच्या आजारांची संस्था) तिच्यावर बरीच वर्षं अभ्यास केला, आणि बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या संशोधकांनी काही घरांत तिच्याशी जोडलेल्या जागा 10 व्या आणि 4 थ्या क्रोमोसोमवर (जीन ज्यांवर ओळीनं बसलेले असतात त्या धाग्यांवर) दाखवल्या. आपल्याकडेही बंबातलं वाफाळतं पाणी तांब्यावर तांब्या भसाभस डोक्यावर ओतायची सवय आहे, तेव्हा पोरगं न्हाताना एकटक बघत राहिलं, गप्प झालं किंवा पडलं तर अंगात आलं म्हणू नका, पाणी कोमट करा, डोक्यावर सावकाश घ्या आणि न्यूरोलॉजिस्टना दाखवा.

लग्नाबद्दल. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात फिट हा अडथळा होता, 1999 मध्ये तो काढला. कायद्यानं काढला पण बैठकीतनं गेलेला नाही. माझं मत स्पष्ट आहे, लग्नाआधी मुलामुलींनी एकमेकांना सांगावं, कारण लपवलं की गोळ्याही लपून घ्याव्या लागतात, चुकतात आणि फिट येते. मूल हवं असेल तर दिवस जायच्या आधीच डॉक्टरांना भेटा, व्हॅल्प्रोएट ही फिटची गोळी चालू असेल तर नक्कीच, त्यानं पोटातल्या बाळाला धोका असतो आणि गोळी बदलायला वेळ लागतो. आणि ज्या बाळाला वर्षाच्या आत तापात लांब, पुन्हा पुन्हा फिट्स येतात त्याच्या डॉक्टरांना जीन टेस्टबद्दल तुम्हीच विचारा, जमलं तर आईवडिलांचंही रक्त त्याच वेळी द्या, बदल नवा की घरातला हे त्यावरनंच कळतं.