कहा-सुना माफ

शबे-बरात ही माफीची रात्र; तिच्या दुपारी माझा फोन माफी मागत सुटतो. ‘कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा’, खाली चंद्र आणि कंदील. एका बोटानं सगळ्या ग्रुपला. यातल्या निम्म्या लोकांची अन् माझी गाठच पडलेली नाही, दुखावणार कधी? मी उत्तर देत नाही. खडूस म्हणा, किंवा पुणेकर म्हणा.

कुराणातल्या ११४ सूरांपैकी, म्हणजे अध्यायांपैकी, ११३ सुरू होतात त्या रहमान-रहीमच्या, दयाळू-कृपाळूच्या नावानं. ‘माझी दया माझ्या रागावर मात करते’, असं अल्लाहनं लिहून ठेवल्याची हदीसही, म्हणजे पैगंबरांचं वचनही आहे. आणि सूरे जिलजाल म्हणते, कणभर नेकी केली असेल ती दिसेल, कणभर बदी केली असेल तीही दिसेल. आता बसवा मेळ! बसऱ्याचे मुअतझिला पंथाचे विचारवंत आठव्या शतकापासून हटून बसले: अल्लाह न्याय सोडून वागणारच नाही, तौबा, म्हणजे पश्चात्ताप, न करता मेलेल्या पाप्याला शिक्षा अटळ. पुढे त्यांच्या विरोधातले अशअरी पंथाचे लोक म्हणाले, त्याला बांधून घालणारे तुम्ही कोण? त्याला वाटलं तर तो सोडेल.

दादीनं या दोघांचीही नावं ऐकलेली नव्हती. तिचा निकाल तयार होता. नमाज चुकली, रोजा चुकला, तर ते त्याच्या घरचं; तो मोठ्या मनाचा आहे. माणसाचं देणं मात्र त्या माणसापाशीच फेडायचं. तांदूळ निवडता निवडता ती कंगालाची हदीस सांगायची. कयामतीला एकजण ढीगभर नमाज-रोजे घेऊन येतो. पण याला शिवी दिलेली, त्याला मारलेलं, तिसऱ्याचं खाल्लेलं. मग त्याच्या नेक्या त्यांना वाटून टाकतात. त्या संपल्या, की त्यांची पापं याच्या माथ्यावर.

हजला निघायच्या आधी ती भवानी पेठेतल्या आमच्या वाड्यात दारोदार फिरली. मी पदराला धरून. समोरच्या मावशींशी तिचं नळावरून जुनं भांडण.

“काही राहिलं असेल तर माफ करा.”

“अहो, देवाच्या दारी निघालात. देव करील की माफ.”

“त्याचं तो बघेल. तुमचं तो कसं सोडणार?”

मावशींनी दूध उतरवलं, पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, “माझा हंडा लाथाडलात ते माफ. आईवरून बोललात, ते नाही.”

दादी म्हणाली, “बरोबर आहे.” चहा घेतला आणि उठली.

परतल्यावर तिनं मावशींना मक्केच्या जमजम विहिरीचं पाणी आणि खजूर दिले. त्यांनी ते देवघरात ठेवले. आईचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता दोघीही नाहीत. त्या एका वाक्यापोटी दादीला किती नमाज मोजून द्याव्या लागल्या असतील, कोण जाणे. तिच्याकडे होत्या म्हणा भरपूर. मावशी त्या घेऊन काय करणार, ते मात्र मला अजून सुचलेलं नाही.