किल्ला मागे आहे, नीट बघा

व्हर्जिनियात गाडी चालवताना रस्त्याच्या कडेच्या इतिहासाच्या पाट्या मला फार छळतात. पांढुरकी धातूची पाटी, वर राज्याची मुद्रा, खाली काळ्या अक्षरात अख्खा निबंध, आणि आपण ताशी 45 मैलांच्या स्पीडने जाणार, म्हणजे टायटल वाचेपर्यंत पाटी मागे. 1927 पासून लावतायत म्हणे, तेव्हाच्या गाड्या हळू जात असतील.

मागच्या उन्हाळ्यात आईबाबा साताऱ्याहून आलेले. बाबा म्हणजे रोज सकाळी अजिंक्यतारा चढून येणारा माणूस, त्यामुळे सेंटरव्हिलला सिव्हिल वॉरच्या, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धाच्या, तटबंदीची पाटी आहे म्हटल्यावर मी हौसेने गाडी थांबवली. पाटीमागे झाडी, झाडीत गवत उगवलेला मातीचा एक उंचवटा, जेमतेम कमरेएवढा. बाबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"किल्ला कुठाय?"

"हाच की."

"अरे, हा तर शेताचा बांध आहे!"

आता बचाव करणं आलं. म्हटलं बाबा, खंदक खणायचा आणि तीच माती आतल्या बाजूला रचायची, तोफेचा गोळा मातीत रुतून बसतो, दगडविटांसारखी भिंत फुटत नाही. तिकडे जॉर्जियात फोर्ट पुलास्कीच्या विटांच्या भिंती साडेसात फूट जाड होत्या, तरी एप्रिल 1862 मध्ये नव्या रायफल्ड (नळीत आतून पीळ असलेल्या) तोफांनी साधारण 30 तासांत भगदाडं पाडली आणि किल्ला शरण आला. बाबा "हं" म्हणाले, पण त्या हं मध्ये काही दम नव्हता.

त्यांना खरी मजा आली ती पुढच्या गोष्टीत. 1861-62 च्या हिवाळ्यात दक्षिणेची फौज इथे तळ ठोकून होती, सेनापती जोसेफ जॉन्स्टन, आणि तोफा पुरेशा नाहीत, तर या लोकांनी झाडाचे ओंडके काळे रंगवून तटावर तोफेसारखे लावून दिले! क्वेकर गन म्हणतात त्यांना, कारण क्वेकर पंथाचे लोक युद्धच करत नाहीत आणि ही तोफही करत नाही. उत्तरेचा सेनापती मॅक्लेलन वॉशिंग्टनजवळ बसून समोर केवढी मोठी फौज आहे याच्या धास्तीत, आणि मार्च 1862 मध्ये दक्षिणवाले गुपचूप निघून गेल्यावर याचे लोक येऊन बघतात तर काय, लाकडं. पेपरवाल्यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. बाबा एवढे हसले की आई गाडीतून उतरून बघायला आली. "गनिमी कावा यांनाही येत होता म्हणजे," बाबा म्हणाले. पहिल्यांदाच जरा आदराने.

मग त्यांनी एकदम विचारलं, "माती कोणी वाहिली?" दक्षिणेत असल्या कित्येक तटबंद्या गुलामांकडून खणून घेतल्या होत्या. जुन्या पाट्यांवर सेनापतींची नावं ठसठशीत असतात, फावडं मारणाऱ्यांची कधी दिसली नाहीत, आणि एवढी अक्षरं कोंबायला जागा होती तर एक ओळ त्यांच्यासाठी निघाली नसती का, हे मला अजून खटकतं.

निघताना बाबांनी पाटीजवळ उभं राहून फोटो काढून घेतला. उंचवटा त्यात आलाच नाही, मागे नुसतं गवत. संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर तो टाकला आणि खाली लिहिलं, "किल्ला मागे आहे, नीट बघा."